आमच्या घरातला मुका टीव्ही

वाशीम जिल्ह्यात अनसिंगच्या पुढे फाट्यावरून आत वळलं की आमचं गाव. लग्न होऊन मी इथे आले तेव्हा घरात मोठ्या आवाजाच्या दोनच गोष्टी होत्या. एक टीव्ही आणि दुसऱ्या आत्याबाई. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणायची रीत आहे. टीव्हीवरच्या सुना सासूला ‘आई’ म्हणतात ते ऐकून आत्याबाईंना कसंतरीच व्हायचं. “आई एकच असते बाप्पा, हे काय दुकानातली दुसरी आणली?” असं त्या म्हणायच्या.

एका संध्याकाळी शेजारच्या कडुनिंबावर वीज पडली. माणसं-जनावरं सगळी सुखरूप राहिली, पण आमच्या टीव्हीचा आवाज त्या दिवशी गेला तो गेलाच. चित्र मात्र जसंच्या तसं. वाशीमच्या मेकॅनिकने टीव्ही उघडून पाहिला, मान हलवली आणि आतला भाग मिळायला वेळ लागेल असं सांगून तो परत जोडून दिला. माझ्या नवऱ्याने नवा टीव्ही घ्यायचं काढलं. आत्याबाई कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

“चित्र दिसते ना? मंग नवा कायले? आवाज मी करतो.”

हे ‘मी करतो’ इथेच सांगून टाकते, कारण पुढे त्याचं काम पडणार आहे. आमच्या वऱ्हाडात बायाही ‘मी येतो, मी जातो, मी करतो’ असंच बोलतात, ‘माझ्या’चं ‘माया’ करतात. बाहेरच्यांना त्याची गंमत वाटते. मी वाशीमला कॉलेजात मराठी शिकवते. तिथे माझ्या तोंडून ‘मी सांगते’ निघतं आणि घराचा उंबरठा ओलांडला की ‘मी सांगतो’. इतक्या वर्षांत जिभेला त्याची सवय झाली आहे, चपला बाहेर काढून आत यावं तशी ती आपोआप बदलते.

तर आत्याबाईंनी आवाज करायला घेतला. संध्याकाळची, नुकतीच सुरू झालेली मालिका लागली. भला मोठा बंगला, मधोमध जिना, जिन्यावर भरजरी साडीतली सासू, खाली डोळ्यांत पाणी आणून उभी सून, आणि मागे खांबाजवळ हातात चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली एक कामवाली बाई. सासूचे ओठ हलायला लागले. आत्याबाई खाटेवर मांडी घालून बसल्या आणि ठसक्यात म्हणाल्या, “काहून वं, तुरीच्या डाळीत आजही मीठ नाही टाकलं?” सुनेचे ओठ हलले. आत्याबाईंनी आवाज बारीक केला. “टाकलं होतं आत्याबाई. तुमचीच जीभ खारट झाली, मले समजत नाही काय?” आणि मग सगळ्यात शेवटी, जिचे ओठ हललेच नव्हते त्या ट्रेवालीच्या वाटचं त्या बोलल्या, “चहा थंडा होऊन राह्यला. भांडण मंग करा.”

मी स्वयंपाकघरात होते. हसून हसून माझ्या हातातली भाकर तव्यावर वाकडी पडली.

गल्लीत ही बातमी पसरायला वेळ लागला नाही. घरोघरी चांगले बोलते टीव्ही असताना बाया आमच्याकडे यायला लागल्या. कोणी निवडायला तूर घेऊन यायची, कोणी नुसतीच. आत्याबाईंचं एक तत्त्व होतं, ट्रेवालीला रोज एक तरी वाक्य मिळालंच पाहिजे. आणि ते सगळ्यात झणझणीत असायचं. घरची मोठी माणसं कागदांवरून, वारसावरून, कोण कोणाच्या खोलीत डोकावलं यावरून भांडत असायची आणि ही बाई मधूनच विचारायची, “एवढ्या जिन्यावाल्या घरात कमावते कोण? सोयाबीन पेरलेलं तं कुठी दिसत नाही.” गल्लीत ‘चहा थंडा होऊन राह्यला’ ही म्हणच होऊन बसली. दोन जावा बांधावरून तणतणायला लागल्या की तिसरी लांबून तेवढंच ओरडायची आणि भांडणाची हवा जायची.

मला आत्याबाईंचं कौतुक वाटायचं ते या विनोदापेक्षा दुसऱ्याच एका गोष्टीसाठी. त्यांच्या आवाजात कोणी नुसतं दुष्ट नसायचं. खरी मालिका त्या सासूला काळ्या टिकलीची नागीण करून ठेवायची. आत्याबाई तिला माणसात आणायच्या. एकदा मी म्हटलं, “ती बाई मुळातच वाईट आहे हो आत्याबाई, तिची बाजू काय घेता?” तर म्हणाल्या, “वाईट नाही वं. तिच्यापाशी चाव्या आहेत अन् काम काहीच नाही. मंग ते दिवसभर कुलपंच लावत बसन नाही तं काय करन?” दुसऱ्या दिवशी वर्गात एका कादंबरीतली जमीनदारीण शिकवताना मी हेच सांगितलं. मुलींनी मान डोलावली. कोणाचं मत आहे असं एकीने विचारलं तेव्हा मी, “माझ्या सासूबाईंचं,” असं सांगितलं, आणि सगळा वर्ग हसला. मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही.

आमच्या दोघींची भांडणंही हळूहळू त्या टीव्हीतून व्हायला लागली. मी तापट आहे, हे माहेरीही कबूल आणि सासरीही. आत्याबाई माझ्यापेक्षा दोन पावलं पुढे. आधी आम्ही तोंडावर भांडायचो आणि मग दोन-दोन दिवस अबोला धरायचो. आता मी कॉलेजातून उशिरा आले की पडद्यावरची सून जिन्यावरून उतरताना म्हणायची, “मास्तरीण झालो ना मी, मले चहा आयता पाह्यजे.” गल्लीतल्या बाया माझ्याकडे पाहून खुसखुसायच्या. मग मीही खाटेच्या कडेला बसून सासूचा आवाज लावायची, “हो पोरी, बस. मीच करतो चहा, साखर मात्र मायाच मनाची टाकीन, तुले गोड लागो का कडू.” आत्याबाई माझ्या पाठीत धपाटा घालायच्या आणि उठून खरंच चहा ठेवायच्या. घरात अबोला म्हणून काही राहिलाच नाही. ज्याने त्या बंगल्यातली भांडणं लिहिली असतील त्याला आपली भांडणं एका खेड्यात किती कामाला येत आहेत हे कधी कळलं नसेल.

या बायांमध्ये एक कोपऱ्यावरच्या घरातली होती. ती आमच्या गावची सरपंच. बायांसाठी राखीव जागा निघाली तेव्हा नवऱ्याने तिला उभी केली आणि ती निवडून आली. पण गाव ‘सरपंच’ म्हणायचं ते तिच्या नवऱ्याला. सभेत खुर्चीवर तो बसायचा, ती बायांबरोबर सतरंजीवर. तिला सगळे ‘सरपंचीण’ म्हणायचे. पाटलाची बायको पाटलीण, तशी सरपंचाची बायको सरपंचीण. निवडून आली ती, पण गावाच्या बोलण्यात ती नवऱ्याचीच बायको राहिली. माणूस तसा वाईट नव्हता. हसतमुख, कोणाच्याही अडल्या कामाला मोटारसायकल काढून धावणारा. फक्त खुर्ची आपली नाही हे तो विसरून गेला होता, आणि त्याला आठवण करून द्यायला कोणी धजत नव्हतं.

ती आमच्याकडे यायची, दाराच्या चौकटीला टेकून बसायची, सगळ्यांबरोबर हसायची आणि एक शब्द न बोलता निघून जायची. आत्याबाईंना ते खपेना. ज्या घरात येऊन माणूस बोलत नाही त्या घराची त्यात बेइज्जती असते असं त्यांचं मत.

“आज ट्रेवालीचा आवाज तू कर,” त्या एकदा तिला म्हणाल्या.

“मले नाही जमत वो काकू.”

“जमत कसं नाही? तिले काही पाठ थोडी करा लागते. मनात असन ते बोल.”

पडद्यावर बंगल्यातले सगळे जण जेवणाच्या टेबलाभोवती कडकडून भांडत होते. मागे ट्रेवाली उभी. आत्याबाईंनी बोट दाखवलं. सरपंचबाईंनी पदर तोंडाशी धरला आणि त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, “माया पोरीले अकरावीत घाला न बाप्पा.”

कोणी हसलं नाही. निवडायच्या तुरीवरचे हात थांबले. आत्याबाईंनी टीव्ही बंद केला आणि तिला खाटेवर आपल्या शेजारी बसवलं.

मग सगळं समजलं. तिची मुलगी दहावी चांगल्या मार्कांनी पास झाली होती आणि तिला वाशीमला अकरावी करायची होती. बस फाट्यावरून जायची, गावात येत नव्हती. फाट्यापर्यंतचा रस्ता सुनसान, हंगामात दोन्ही बाजूंना उंच तूर. बाप म्हणत होता, बस गावात येत असती तर पाठवली असती, एकटी पोर फाट्यावर कशी सोडू? त्याची काळजी खरी होती. पण बस गावात यावी म्हणून एसटीच्या आगाराकडे मागणी करायची तर ग्रामसभेचा ठराव हवा, आणि तो ठराव आजवर कोणी मांडलाच नव्हता. तिने नवऱ्याला दोनदा सांगितलं. तो दोन्ही वेळा, “पाहू पुढच्या सभेत,” म्हणाला. ग्रामसभा चार दिवसांवर आली होती आणि कॉलेजचे प्रवेश चालू झाले होते. हा विषय या सभेत निघाला नाही तर पोरीचं वर्ष गेलं, आणि एकदा घरी बसलेली पोर पुन्हा कॉलेजात जाते असं आमच्याकडे सहसा होत नाही. तिची मोठी बहीण अशीच बसली होती. तिचं लग्नही होऊन गेलं.

“सभेत तूच बोल,” आत्याबाई म्हणाल्या.

“मी काय बोलू वो, तिथं सगळे माणसं.”

मी तिला सांगितलं, कायद्याने ग्रामसभेची अध्यक्ष सरपंच असते, म्हणजे ती. नवऱ्याने परवानगी द्यायचा प्रश्नच येत नाही. उलट तिथे त्यानेच तिची परवानगी घ्यायची असते. ती माझ्याकडे अशी बघत राहिली जणू मी मालिकेतलीच एखादी गोष्ट सांगतेय. “मास्तरीणबाई, हे खरं हाय का?” तिने दोनदा विचारलं.

ग्रामसभेच्या दिवशी ग्रामपंचायतीसमोर मांडव घातला होता. मी कॉलेजातून रजा काढली. आत्याबाई गल्लीतल्या यच्चयावत बायांना घेऊन सतरंजीवर पुढच्याच रांगेत बसल्या, एरवी बाया मागे बसतात. टेबलामागे ग्रामसेवक, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर सरपंचबाईंचा नवरा, त्याच्या पुढ्यात चहाचा कप. त्याने माइक हातात घेतला, मागच्या सभेचे विषय वाचून झाले, नाल्या झाल्या, दिवे झाले. “आता काही राह्यलं नसन तं संपवू,” तो म्हणाला.

सरपंचबाई उभ्या राहिल्या. मी त्यांच्या इतक्या जवळ होते की त्यांच्या बांगड्यांचा आवाज मला ऐकू येत होता. नवरा आधी गोंधळला, मग त्याने माइक पुढे केला. आणि त्यांनी बोलायला तोंड उघडलं.

“मला आज तुम्हा सर्वांना काहीतरी सांगायचं आहे,” त्या म्हणाल्या. “मी एक आई म्हणून आपल्यासमोर विनंती करते की…”

मागून कोणीतरी मोठ्याने म्हणालं, “लागली रे बाप्पा सिरीयल!” आणि अख्खा मांडव हसला.

मला रडू यायचं बाकी राहिलं. मला कळत होतं काय झालं ते. आमच्या आत्याबाईंचा मुका टीव्ही वर्षभराचा. त्याआधीची पंधरा-वीस वर्षं सरपंचबाईंच्या घरच्या बोलत्या टीव्हीने त्यांच्या कानात एकच गोष्ट भरवली होती, की चारचौघांत उभं राहून जी बाई बोलते ती असंच बोलते. वऱ्हाडी बोलतो तो गडी, नाही तर विदूषक. हुकूम सुटतो तो ‘करते’ आणि ‘आहे’मधूनच. पुस्तकांनीही काही फार वेगळं केलेलं नाही; मी शिकवते त्यातल्या किती कथांत वऱ्हाडी माणूस फक्त हसवायला येतो, हे मला त्या क्षणी झटकन आठवून गेलं. सरपंच म्हणून उभं राहायचं तर आपली भाषा घरी ठेवून यावी लागते असं त्यांना वाटलं. आणि गाव हसलं तेही त्याच समजुतीने.

त्यांची मान खाली गेली. नवऱ्याने माइक परत घ्यायला हात पुढे केला.

तेवढ्यात आत्याबाई सतरंजीवरून उठल्या. माइकची त्यांना कधी गरज पडली नाही.

“ए पोरी! त्या टीव्हीचा आवाज बंद कर. तुया चालू कर!”

मांडवातल्या पुरुषांना यातलं काही समजलं नाही. पण सतरंजीवरच्या आम्हा सगळ्या बायांना समजलं. सरपंचबाईंनी मान वर केली, आत्याबाईंकडे पाहिलं आणि मला वाटतं त्यांना तो खांब, तो ट्रे, सगळं आठवलं असावं. त्यांनी माइक सोडला नाही.

“मी सांगतो,” त्या म्हणाल्या. आता आवाज त्यांचा होता. “आपल्या गावातल्या पोरी दहावी झाल्या का घरी बसतात. काहून बसतात? डोकं नाही काय त्यायले? बस गावात येत नाही म्हणून बसतात. माई मोठी बसली. आता लहानीवर पाळी आली. तुमच्याही घरी हायेत पोरी. बस पाह्यजे असन तं मागा लागते, आपण कधी मागितलीच नाही. ठराव लिहा ग्रामसेवक भाऊ, बस सकाळी गावात आली पाह्यजे. मी सरपंच आहो. मी सांगतो.”

आता कोणी हसलं नाही. मागून तो मघाचाच आवाज आला, या वेळी जरा ओशाळलेला: “लिहा, लिहा.” हात वर झाले, बायांचे आधी आणि मग पुरुषांचे. ग्रामसेवकांनी लिहायला सुरुवात केली, आणि सहीसाठी कागद सवयीने नवऱ्याकडे सरकवला. नवऱ्याने त्या कागदाकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. त्याचा चेहरा लाल झाला होता. मग तो खुर्चीवरून उठला. रागाने उठला असं मला आधी वाटलं. पण त्याने खुर्चीवर हात फिरवून ती पुसली आणि बाजूला उभा राहिला.

“बस,” तो तिला म्हणाला.

आत्याबाईंना राहवलं नाही. “अन् चहाही दे तिले. थंडा होऊन राह्यला.” मांडव पुन्हा हसला, पण या हसण्यात तो नवराही होता. इतकं मोकळं हसलेला मी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या डोक्यावरचं काहीतरी ओझं उतरलं असावं.

ठराव आगारात गेला. सरपंचबाई स्वतः घेऊन गेल्या, मी सोबत होते. प्रवेशाच्या आठवड्यातच एका सकाळी बस गावात आली. पहिल्या दिवशी बाप मोटारसायकल घेऊन पाराजवळ उभा होता, पोर बसमध्ये चढेपर्यंत आणि चढल्यावरही. कंडक्टरने खाली उतरून विचारलं, गावचे सरपंच कुठे आहेत, थांबा कुठे करायचा ते ठरवायचं आहे. पाराजवळच्या सगळ्यांचे डोळे सवयीने त्याच्याकडे वळले. त्याने घराच्या दिशेने हाक मारली, “अवं, ये इकडे, सरपंचाले बोलावून राह्यले.” त्या पिठाचे हात पुसत आल्या. मी त्याच बसने कॉलेजला गेले, आणि सगळ्या वाटेत ती पोर माझ्या शेजारी बसून बोलत राहिली. दर चार वाक्यांनी तिच्या तोंडात ‘करते’च्या जागी ‘करतो’ येत होतं आणि ती जीभ चावत होती. मी तिला म्हटलं, असू दे, मराठीच आहे ती.

दिवाळीला माझ्या नवऱ्याने शेवटी नवा टीव्ही आणला. आत्याबाई दोन दिवस फुगून बसल्या आणि मग पाहायला आल्या. गल्लीतल्या बाया आल्या, सरपंचबाई आल्या, त्यांची पोरही वह्या घेऊन आली. मालिका तीच चालू होती. आजवर त्या वेळी सगळ्या जणी आमच्याच घरी असायच्या, त्यामुळे ती पहिल्यांदाच आवाजासकट पाहत होतो आम्ही. सासू ओरडली, सून रडली, पाठीमागे धडाम धडाम वाजलं. जेवणाच्या टेबलाभोवती सगळे बराच वेळ बोलत होते. ट्रेवाली खांबाजवळ उभी होती. आम्ही वाट पाहत होतो. जाहिराती झाल्या, पुन्हा मालिका लागली, सगळ्यांनी पुन्हा बोलून घेतलं, तिने कप ठेवले, ट्रे उचलला आणि ती आत निघून गेली. भाग संपला.

“इले तं आवाजच नाही दिला वो,” सरपंचबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज दुखावलेला होता, गावातल्याच कोणावर अन्याय झाल्यासारखा.

दुसऱ्या दिवशीही आम्ही पाहिलं. तिसऱ्याही दिवशी. ती एक अक्षर बोलली नाही. वर्षभर जिची वाक्यं गल्लीने तोंडपाठ केली होती, जिच्या आवाजात एका आईने पहिल्यांदा आपलं दुखणं सांगितलं होतं, त्या बाईला लिहिणाऱ्याने काही लिहूनच दिलेलं नव्हतं. आत्याबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं, पण त्यांच्याआधी सरपंचबाई उठल्या. त्यांनी खाटेवरचा रिमोट घेतला, आवाज बंद केला आणि वहीत डोकं घालून बसलेल्या आपल्या पोरीला कोपराने ढोसलं.

“ते पाह्य, आली ट्रेवाली,” त्या म्हणाल्या. “बोल.”